महादेवभाऊंचं घासलेलं नाणं

बल्लारपूरच्या बसमध्ये महादेवभाऊ कंडक्टरशी भांडायचे ते सुट्ट्या पैशांवरून नव्हे, तर ते पैसे धरायच्या पद्धतीवरून. कंडक्टरनं आठ आणे मुठीतून काढून दिले की भाऊ हात मागे घेत. "काठानं धर ना बाप्पा! चेहऱ्याले हात नको लावू!" मग स्वतः अंगठा आणि तर्जनीनं ते नाणं कडेला अलगद पकडत, फुलपाखरू धरावं तसं. भाजीबाजारात बायका त्यांना येताना पाहिलं की सुट्टे पैसे आधीच टोपलीवर मांडून ठेवत.

भाऊ कागद कारखान्यात वजनकाट्यावर बाबू होते. बांबूचे ट्रक तोलण्यात नोकरीची वर्षं गेली आणि उरलेलं आयुष्य नाण्यांत गेलं. मी त्यांचा शेजारी. शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे नाण्यांबद्दलचा सगळा विलायती पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला होता.

त्यांच्याकडे सतराशे साठ नाणी होती, पण खरं नाणं एकच. राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा क्राउन, म्हणजे पाच शिलिंगांचं विलायती नाणं, जुन्या रुपयाहून मोठं, कडेनं जुन्या वळणाची नक्षीदार अक्षरं. भाऊंचा आजा आलापल्लीच्या जंगलात एका इंग्रज साहेबाचा खानसामा होता. साहेब मायदेशी परतताना आज्याला ते देऊन गेला. असं नाणं इंग्लंडातही सहज मिळत नाही, हे भाऊंना फार उशिरा कळलं. कळलं त्याच वर्षी घात झाला.

दिवाळीत शांताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पूजेच्या भांड्यांबरोबर ते नाणंही चिंच आणि राख लावून घासलं. शंभर-दीडशे वर्षांचा काळसर निळा रंग अर्ध्या तासात गेला. भाऊ कामावरून आले तर नाणं नव्या वाटीसारखं चमकत होतं.

"हे काय केलं बाई तुनं?"

"लक्ष्मीजवळ काळंकुट्ट नाणं ठेवू काय?" शांताबाई म्हणाल्या.

भाऊ आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले, कारण जेवणात मीठ नव्हतं. ते आपण मुद्दामच वगळलं होतं, असं शांताबाईंनीच मला सांगितलं.

पुढे एका व्यापाऱ्यामार्फत नाणं तपासणीला विलायतेला गेलं आणि फोटोसकट प्रमाणपत्र आलं. नाणं अस्सल, दुर्मीळ. पण शेवटी एक ओळ होती, ती मी भाऊंना वाचून दाखवली, "घासलेलं आहे." त्या एका ओळीनं किंमत कोसळली. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला कागद दाखवून म्हणायचे, "पाहा, आमच्या बाईची करामत पार लंडनले समजली!" शांताबाई आतून म्हणायच्या, "समजू द्या. चोरी नाई केली."

शांताबाई गेल्या. काही वर्षांनी भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया झाली, तरी भिंगातूनही राणीचं नाक दिसेना. "डोळेवाल्याच्या घरी जाऊ दे तिले," म्हणून त्यांनी नाणं विकायचं ठरवलं.

नागपूरच्या नाणेवाल्या शेठनं नाणं उलटसुलट केलं आणि म्हणाला, "भाऊ, आता यावर पुन्हा मस्त रंग चढलाय. जुना कागद फाडा. परत तपासायला पाठवा. आजकाल परदेशात प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून नंबर देतात. घासल्याचं त्यांच्या ध्यानात नाही आलं, तर भाव तिप्पट."

"अन् आलं तं?"

"तर तुमचा खर्च गेला. डबीवर तेच लिहून येईल."

त्यानंतर पाच महिने भाऊंनी गावाला झोपू दिलं नाही. डॉक्टरांना विचारलं, तिकीट तपासनीसाला विचारलं. न्हावी म्हणाला, "पास झालेल्या पोराले पुन्हा परीक्षेले काऊन बसवता?"

"पास कुठी झालं? एका विषयात लटकलं हाय ना!" भाऊ अर्ध्या दाढीनिशी ओरडले.

शेवटी एका रविवारी मला बोलावणं आलं. पाठवायचं ठरलं होतं. डबा, कापूस, लाख, सगळी तयारी. मी अर्ज भरायला बसलो. नाव, पत्ता, नाण्याचं वर्णन. मग एक रकाना आला. मी थांबलो.

"काय विचारून राह्यले?"

"नाणं पूर्वी कुणी घासलं, धुतलं असल्यास माहिती द्या."

"शेठ काय म्हणे?"

"रिकामं सोडा म्हणाले."

भाऊंनी पेटीतलं जुनं प्रमाणपत्र काढून मांडीवर ठेवलं. चहा माझ्यापुढे तसाच निवला. मग म्हणाले, "बोटं सोलली होती तिची त्या दिवशी, चिंचेनं. मले नंतर दिसलं. मी बोलत नव्हतो ना, मंग विचारलं नाई." कागद चाचपत म्हणाले, "राशन कार्डावर तिचं नाव चुकीचं. घराच्या कागदावर नाईच. शाळेचा दाखला नाई. तिनं हातानं काई केलं, असं लिवलेला एकच कागद हाय मास्तर. अन् तोच फाडू?"

अर्ज तसाच राहिला.

दोन महिन्यांनी वर्ध्याचे एक तरुण प्राध्यापक नाणं विकत घ्यायला आले. भाऊंनी त्यांच्यापुढे आधी प्रमाणपत्र ठेवलं, मग नाणं. घासल्याची हकीकत चिंचेसकट सांगितली. नागपूरच्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्यात सौदा झाला. प्रमाणपत्र नाण्याबरोबर जाणार होतं, म्हणून भाऊ स्वतः चालत चौकात गेले आणि त्याची झेरॉक्स काढून आणली.

पाहुणे गेल्यावर तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला.

"शेवटची ओळ वाच बरं. कसं घासलं, ते लिवलं हाय काय त्यायनं?"

लिहिलं होतं. ती ओळ मी पहिल्यांदा वाचून दाखवली, तेव्हा एक शब्द गाळला होता. इंग्रजीत होतं, निर्दयपणे घासलेलं.

"हो," मी म्हणालो. "मन लावून घासलेलं, असं लिहिलंय."

भाऊंनी मान हलवली.

"असंनच," ते म्हणाले. "तिचं काम कधी कच्चं नसेच."