एक घंटी दे अन् काट

रामटेके मामांचा फोन सकाळी साडेसहापासून वाजायला लागतो आणि मामा तो कधीच उचलत नाहीत. एकदा वाजतो, बंद होतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, तीही एका विटेची. कुडव्यात घर घेताना दलालानं शेजार शांत असल्याचं सांगितलं होतं. तो बहुतेक दुपारी येऊन गेला असावा.

मामा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, एकटेच राहतात. कॉलनीतल्या पोरापोरींना फुकटात स्कूटी शिकवतात, पण अठरा पूर्ण झाल्याचा दाखला पाहिल्याशिवाय गाडीला हात लावू देत नाहीत. एका बापानं, दोनच महिने कमी आहेत, म्हणून गयावया केली. मामा म्हणाले, "मंग दोन महिन्यानं आणा. पोरगी काई नासून नाई जात."

यंदा आमच्या प्रणालीची पाळी आली. मी शाळेत शिकवते. शाळा, स्वयंपाक आणि वर हिला क्लासला सोडणं-आणणं, यानं मी टेकीला आले होते. ही एकदाची स्वतः कॉलेजला जाऊ लागली म्हणजे सुटले, एवढाच माझा स्वार्थ. आणि ही रस्त्यावर उतरणार, याची धास्तीही होती.

पहिले आठ दिवस मामांनी गाडी सुरूच करू दिली नाही. अंगणात गाडी स्टँडवर, चावी मामांच्या खिशात. प्रणालीनं हेल्मेट घालून वर बसायचं आणि आरशात पाहून मागून काय येतंय ते सांगायचं.

"कुत्रं."

"मंग?"

"म्हैस. मग पाटीलकाकू. त्या थांबल्या, मामा."

"पुढचं तं सारेच पाहतेत बेटा. मागचं कोण पाहीन?"

"मम्मी, टाइमपास है यार," प्रणाली घरी येऊन करवादायची. पण आठ दिवसांत तिला कॉलनीत कोण कोणाकडे जातं ते सगळं कळलं. मीही मग रोज चहासोबत बातम्या ऐकू लागले.

पुढे महिनाभर मैदानात गाडी चालली. हेल्मेट कोपरात अडकवलं की मामा ओरडायचे, "ते डोस्क्याचं आहे, कोपराचं नाई!" ब्रेक उशिरा लावला की, "कायले घाई करून राहिली? कॉलेज काई पळून जाते का?" लायसन्स मिळालं, तेव्हा मामांनी शेवटचा नियम सांगितला. "पोचली का मले एक घंटी दे अन् काट. मी उचलत नसतो."

तेव्हा कुठे भिंतीपलीकडच्या घंट्यांचा उलगडा झाला. मामांनी शिकवलेली सगळी पोरं पोहोचली की घंटी देत होती.

पहिल्याच दिवशी प्रणालीची घंटी गेली नाही. हिचा रिचार्ज संपला होता, फोन लागतच नव्हता. त्या दिवशी शनिवार, माझी अर्धी शाळा. दुपारी घरी आले, तर मामांच्या दाराला कुलूप आणि सायकल गायब. थोड्या वेळानं समोरून प्रणाली आली, बैलगाडीच्या वेगानं. मागे भर उन्हात सायकल दामटत रामटेके मामा.

"मम्मी, हे कॉलेजच्या स्टँडवर माझ्या गाडीजवळ बसून होते. सकाळपासून! गाडी दिसली, पण मी दिसले नाही म्हणून!" प्रणाली रडकुंडीला आली होती.

मी थकलेली होते, चिडले. "मामा, काय हे? या वयात, या उन्हात? मला फोन करायचा!"

मामा ओट्यावर बसले. पाणी प्यायले. त्यांचा मुलगा अपघातात गेला, एवढं कॉलनीला ठाऊक होतं. त्यापुढचं कोणी विचारलं नव्हतं.

"मी ड्यूटीवर होतो, मॅडम. साऱ्या जगाच्या लेकरांले गावोगाव पोचवून राहिलो होतो. मायावाल्या गणेशले गाडी शिकवाले टाइम नाई भेटला. तो दोस्तापाशी शिकला अन् सडक अर्जुनीले निघाला. मंग फोन वाजला. मी उचलला." त्यांनी पेला खाली ठेवला. "उचलला का मानसं बोलतेत. वाजून बंद झाला का समजाचं, लेकरू पोचलं."

इतकी वर्षं त्या घंट्यांवर वैतागले, याची लाज वाटली.

सोमवारी शाळेत पोहोचल्यावर मी गाडी लावली आणि मामांचा नंबर फिरवला. एकदा वाजू दिला, कापला. पंधरा वर्षं गाडी चालवणारी बाई मी, जरा हसूच आलं.

संध्याकाळी फाटकात शिरले, तर मामा ओट्यावर तांदूळ निवडत होते.

"आली होती तुमची घंटी," मान वर न करता ते म्हणाले. "पण मॅडम, तुमचं मले माहीत असते. रोज भिंतीपलीकडं तुमच्या गाडीचा स्टँड वाजला का मंगच मी भात मांडतो."