आजीसुद्धा उतरेल

"डॅडला अखंड घेऊन ये," नेरेआने फोनवर आईला बजावलं. "बाकी काही आणलं नाहीस तरी चालेल, आमा. दोन हात, दोन पाय, सगळं जागच्या जागी हवं."

माइतेला हे मागणं जगावेगळं वाटलं नाही. तीन वर्षांपूर्वी थोरलीच्या लग्नात तिचा नवरा वेंडेल उजवा हात प्लॅस्टरमध्ये घेऊन उभा राहिला होता. लग्नाच्या पाच दिवस आधी स्वारी डोंगरवाटेवर सायकलवरून पडली होती. चर्चमध्ये लेकीला वेदीपर्यंत नेताना त्या प्लॅस्टरची खरखरीत कड तिच्या डोक्यावरच्या जाळीत अडकली. जाळी, टाचण्या आणि दोन तास खपून घातलेला गंगावनासकट अंबाडा वेंडेलच्या कोपराला लटकत पुढे गेला, आणि नवरी मागून आली. फोटोत सगळं स्पष्ट दिसतं.

वेंडेल शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेला. समोरचा उतार किती अंशांचा आहे हे तो लांबून अचूक सांगायचा. त्या उतारावर आपण कितव्या मिनिटाला आडवे होणार, एवढं गणित मात्र त्याला पासष्टीपर्यंत सुटलं नव्हतं.

आता धाकट्या नेरेआचं लग्न शनिवारी ड्युरँगोला होतं. बॉइजीहून गाडीने तीन दिवसांचा रमतगमत रस्ता, आणि मध्ये युटाचे लाल डोंगर. सायकल घरी ठेवून त्या रस्त्याने जाणं म्हणजे, वेंडेलच्या मते, पंगतीत बसून उपास सांगण्यासारखं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन संध्याकाळी वाटाघाटी झाल्या आणि तह ठरला. दिवसाला एकच वाट. आणि वाट निवडणार माइते.

माइतेला वाटांमधलं काहीच कळत नव्हतं असं नाही. तीस वर्षं ती नवऱ्याला डोंगरावर सोडून गाडी पायथ्याला आणत होती आणि तिथे जपमाळ ओढत त्याची वाट बघत होती. कुठल्या पायथ्याला सावली आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी ती चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आली आणि हळूच नवस बोलली. "शनिवारपर्यंत वेंडेलच्या अंगावर ओरखडा उमटू देऊ नकोस, माउली. तोवर मी गोडाचा कण तोंडात घालणार नाही." कॉफीतसुद्धा तीन चमचे साखर घेणाऱ्या बाईचा हा नवस होता.

बुधवारी सकाळी हमरस्त्यावरच्या एका खानावळीत बिनसाखरेची कॉफी पुढ्यात घेऊन तिने वेंडेलचा फोन हातात घेतला. त्यात वाटांचं ॲप होतं. हिरवा गोल म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे आपल्या जबाबदारीवर. हिरव्या वाटेला वेंडेल हात लावेना, काळीला माइते हात लावू देईना, म्हणून दोघं निळ्यावर आले. निळ्या निघाल्या चौदा. मग ती वाटांखाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचू लागली. एका ठिकाणी लिहिलं होतं, "एकदम निवांत. माझी आजीसुद्धा उतरेल."

"ही," माइते म्हणाली.

वेंडेलचे डोळे लकाकले. त्याने आढेवेढे न घेता मान डोलावली. माणूस वयानुसार शहाणा होतोय, असं वाटून माइतेला बरं वाटलं.

तीन तासांनी तो शहाणा माणूस खांद्यावर सायकल घेऊन चालत पायथ्याला आला. पुढचं चाक भाजलेल्या पापडासारखं वळलं होतं. पँटचा बसायचा भाग डोंगरावरच राहिला होता. माइतेने बाजारात घोडा पारखतात तसं त्याला गोल फिरवून, हात उचलून, मान वळवून पाहिलं. अंगावर ओरखडा नव्हता. तिने वर बघून हात जोडले आणि मग खाली बघून विचारलं, "आजी कुठनं उतरणार होती रे? त्या कड्यावरनं?"

मग वेंडेलला सगळं कबूल करावं लागलं. या सायकलवाल्यांत वाटेला अवघड म्हणायची पद्धतच नाही. म्हटलं तर आपणच कच खाल्ली असं दिसतं. जितकी वाट वाईट, तितकं गोड लिहायचं. हे त्याला सकाळीच ठाऊक होतं.

"आणि तू गप्प बसलास?"

"वाट तू निवडायची ठरलं होतं," वेंडेल म्हणाला.

माइतेने पर्समधली छोटी वही काढली आणि त्यात शब्दकोश लिहून ठेवला. 'मजा येते' म्हणजे चाक गेलं. 'निवांत' म्हणजे कडा. 'शेवटी थोडं लक्ष ठेवा' म्हणजे दवाखाना. 'आजीसुद्धा उतरेल' याच्यापुढे तिने फक्त क्रूस काढला.

गुरुवारी सकाळी चाक दुरुस्त होऊन आलं, आणि माइतेने नव्या शास्त्राप्रमाणे उलटं वाचन सुरू केलं. गोड लिहिलेल्या वाटा बाद. अखेर एक अभिप्राय तिला सापडला: "जीव जाता जाता वाचला. या वाटेवर पुन्हा पाऊल ठेवणार नाही." ती हरखली. वेंडेल काही सांगायला गेला, पण काल त्याचा शब्द बाद झाला होता.

ती वाट एका तळ्याभोवती होती. सपाट, डांबरासारखी गुळगुळीत, आणि बाजूला बाकं मांडलेली. अभिप्राय लिहिणाऱ्याचा जीव तळ्यावरच्या हंसांनी घेतला असता, कारण ते पाव मागत मागे लागत. वेंडेलला दोन हंस, एक जॉगिंग करणारी गरोदर बाई आणि बाबागाडी ढकलणारा एक बाप, इतके जण मागे टाकून गेले. तो धडधाकट परत आला, पण पुढचे साठ मैल तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"बोल की काहीतरी," माइते शेवटी म्हणाली.

"बाबागाडीतल्या बाळाने मला टाटा केला," वेंडेल म्हणाला आणि परत खिडकीकडे वळला.

माइतेचं मन द्रवलं. शेवटी नवराच होता, आणि उद्या एकच दिवस उरला होता. शुक्रवारी त्याला मनासारखी वाट द्यायची असं तिने ठरवलं, फक्त एक अट घातली. ती वाट आधी ती स्वतः पायी उतरून बघणार. वेंडेलने ताबडतोब जी वाट पुढे केली तिच्याखाली अकरा अभिप्राय होते, आणि अकराच्या अकरा जणांनी लिहिलं होतं की आजी ही वाट उतरते. माइतेने वही उघडून अकरा क्रूस काढले.

वाटेच्या तोंडाशी एकच गाडी उभी होती. पांढऱ्या वेणीची एक काटक म्हातारी तिच्यातून सायकल उतरवत होती. तिच्या कोपरावर वाळलेला चिखल होता आणि गुडघ्यांना कवचं. नाव ओपल. माइतेला राहवलं नाही. या वाटेवर आजी उतरते असं अकरा जणांनी खुशाल लिहून ठेवलंय, या पोरांना जनाची नाही तर मनाची तरी लाज हवी होती, असं ती तिला सांगू लागली.

"अकराच?" ओपल म्हणाली. "म्हणजे एकानं अजून लिहिलं नाही. मला नातवंडं बारा आहेत."

माइतेने विचारलं, "म्हणजे तुम्ही खरंच..."

"मंगळवारी आणि शुक्रवारी. दोन वर्षांनी ऐंशी होतील, तेव्हा फक्त शुक्रवारी."

माइतेने आपली अडचण सांगितली. उद्या लग्न, नवरा असा, म्हणून आधी चालत जाऊन बघायचंय. ओपलने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चालून काय कळणार, बाई? पायाला सगळेच दगड सारखे लागतात. माझ्याकडे नातीची सायकल पडून आहे. चल माझ्या मागे."

"मी जातो की यांच्या मागे," वेंडेल लगबगीने म्हणाला.

माइतेने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला. अट म्हणजे अट. ती उतरल्याशिवाय तो उतरणार नव्हता. तिने गाडीची किल्ली, वही आणि जपमाळ त्याच्या हातात दिली आणि ओपलच्या नातीचं शिरस्त्राण हनुवटीखाली बांधलं. पायथ्याला सावली पूर्वेच्या बाजूला असते, एवढं सांगायला ती विसरली नाही.

"जिकडे डोळे तिकडे सायकल," ओपल म्हणाली. "दगडाकडे बघू नको, तो काही देखणा नाही. पुढच्या वळणाकडे बघ. ब्रेक एका बोटानं, आणि तोंड मिटून, नाहीतर माशा जातात."

पहिल्या शंभर पावलांत माइतेने सगळ्या संतांची नावं घेतली. दुसऱ्या वळणावर नावं संपली. तिसऱ्या वळणावर तिच्या लक्षात आलं की आपण दगडाकडे बघतच नाही आहोत. वाट लाल मातीची, जुनिपरच्या झुडपांतून साप निघावा तशी सळसळत निघालेली. पोट वर, सायकल खाली, मग पोट खाली आणि सायकल वर. पुढे ओपलची पांढरी वेणी उड्या मारत होती आणि मागे स्वतःच्याही नकळत माइते हसत होती. तोंड मिटायचं राहून गेलं. दोन माशा गेल्या, त्यांचीही तिला पर्वा वाटली नाही. तिचे वडील स्पेनच्या डोंगराळ बास्क मुलखातून आलेले धनगर. या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या माणसाला गाठणारी लांब, थरथरती आरोळी त्यांनी तिला लहानपणी शिकवली होती. पन्नास वर्षं ती गळ्यात पडून होती. शेवटच्या उतारावर ती आपसूक बाहेर पडली, आणि दरीतले कावळे उडाले.

पायथ्याला वेंडेल उभा होता. चाळीस मिनिटांत त्याची काय अवस्था झाली होती हे नंतर कळलं. प्रार्थना येत नसल्याने त्याने जपमाळेच्या एकेका मण्याला भूमितीचं एकेक प्रमेय म्हटलं होतं, आणि प्रमेयं संपल्यावर पहिल्यापासून सुरू केली होती. बायको सगळी शाबूत येताना दिसली तसा तो हात पसरून धावत सुटला.

माइते त्याच्यापुढे येऊन थांबली. शर्यत जिंकलेले लोक करतात तसे तिने दोन्ही हात आकाशाकडे उंचावले आणि पुन्हा आरोळी ठोकली. पाय दोन्ही पेडलवरच होते. थांबलेली सायकल जरा विचार केल्यासारखी उभी राहिली आणि मग सावकाश उजवीकडे कलली. वेंडेलने झेप घेतली. तीस वर्षांची सवय हातात होती. त्याने सायकल अलगद झेलली.

माइते त्याच्या शेजारून जमिनीवर गेली आणि तिच्या मनगटातून सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

वेंडेल सायकल धरूनच म्हणाला, "दुसऱ्याची होती गं."

गावातल्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने तिचं उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये घातलं आणि कुठे पडलात म्हणून विचारलं. माइतेने वाटेचं नाव सांगितलं. डॉक्टर चकित झाला. "तिथे कसं पडलात? ती तर माझी आजीसुद्धा..."

"तुम्ही बारावे का?" माइतेने विचारलं.

डॉक्टर ओशाळला. कामातून लिहायला सवडच मिळत नाही, म्हणाला.

शनिवारी सकाळी चर्चच्या दारात नेरेआ पांढऱ्या झग्यात उभी होती. तिने आधी वडिलांना गाठलं. दोन्ही हात उचलून पाहिले, कोपरं वाकवली, हनुवटी वर केली आणि समाधानाने त्यांच्या गालाचा मुका घेतला. मग ती आईकडे वळली.

"आमा," ती म्हणाली, आणि प्लॅस्टर बघून डोक्यावरची जाळी सावरत एक पाऊल मागे सरली.

सगळी वऱ्हाडी मंडळी वेंडेलवर तुटून पडली. स्वतः पडायची बंदी घातली तर बायकोला पाडलंस, इथपर्यंत गोष्ट गेली. वेंडेल भूमितीच्या मास्तराला शोभेल अशा शांतपणे सगळं ऐकत राहिला, कारण सायकल झेलल्याची गोष्ट अजून कुणाला कळली नव्हती. त्याने नेरेआला वेदीपर्यंत नेलं. जाळी, टाचण्या, अंबाडा, सगळं तिच्याबरोबरच पोचलं. पहिल्या बाकावर बसून माइतेने देवाचे आभार मानले. मागितलेलं त्याने दिलं होतं, अगदी मोजून. वेंडेलच्या अंगावर ओरखडा नव्हता. आपल्याबद्दल ती काही बोललीच नव्हती, तर त्यात त्याचा काय दोष? मागताना माणसाने नीट मागावं.

जेवणाच्या वेळी तिने डाव्या हाताने केकचे दोन मोठे तुकडे खाल्ले. थोरलीची दोन वर्षांची लेक मांडीवर बसून प्लॅस्टरवर रंगीत खडूने रेघा ओढत होती. वेंडेल खुर्ची ओढून शेजारी बसला आणि घसा खाकरत म्हणाला की सोमवारी परतताना ती वाट रस्त्यातच लागते, आणि अटीप्रमाणे आता त्याची पाळी आहे.

"बघू," माइते म्हणाली. "फोन दे जरा."

तिने ॲप उघडलं. अकरा अभिप्रायांखालची जागा अजून रिकामी होती. डाव्या हाताच्या एका बोटाने, चुकत, खोडत, तिने बारावा अभिप्राय लिहिला.

"एकदम निवांत वाट. मी स्वतः आजी आहे, मी उतरले. शेवटी थोडं लक्ष ठेवा."