बेशुद्ध भागोजी

रुग्णवाहिकेवर काम करायला शिकवणाऱ्या पोलादपूरच्या त्या संस्थेत सरावासाठी एक महागडा पुतळा होता. पोरांनी छाती दाबून दाबून तो बिघडवू नये म्हणून संचालकांनी तो कपाटात कुलूपबंद ठेवला होता. त्यामुळे दर परीक्षेला पेशंट व्हायचा तो संस्थेचा शिपाई, जवळच्या कापडे गावचा भागोजी.

साक्षीची लेखी परीक्षा झाली होती. महाडला रुग्णवाहिकेवरची नोकरीही तोंडी ठरली होती. आजचं प्रात्यक्षिक पास झाली तर सोमवारी हजर, नाहीतर पुन्हा सहा महिने घरी.

"पेशंट बेशुद्ध आहे," परीक्षक म्हणाले. "तो एक शब्द जरी बोलला तरी तुझे मार्क कापीन."

"नाय बोलत सायेब. पोरीचं वाटोळं कशाला करू?" म्हणत भागोजीने डोळे मिटले.

साक्षीने त्याच्या डोक्याला पट्टी बांधली, मानेला पट्टा लावला आणि त्याला स्ट्रेचरवर आवळून बाहेर रस्त्याकडेला आणलं. तेवढ्यात परीक्षकांचा चहा आला. पेशंटला हलवायचं नाही असा नियम, म्हणून भागोजी तिथेच आडवा राहिला.

एसटीतून जाणाऱ्या, भागोजीच्याच गावच्या चंदूने खिडकीतून फोटो काढला आणि गावच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मुंबईकरांना खात्री करायला कुठला वेळ? परीक्षकांचा तिसरा चहा संपेपर्यंत श्रद्धांजल्या वाहून झाल्या होत्या, गावी यायला गाडी ठरली होती, आणि इकडे टेम्पोभर माणसं घेऊन भागोजीची बायको गोदूबाई येऊन थडकली.

"अवो, बोला ना माज्याशी!"

भागोजीने एक डोळा उघडला, परीक्षकांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"मावशी, ते बरे आहेत! परीक्षा चाललीय!" साक्षी ओरडली.

"मानूस गेल्यावर कसली गो परीक्षा?" गोदूबाईने सरळ परीक्षकांची कॉलर धरली. "काय केलंस रे माज्या मालकाला?"

सकाळपासून प्रसंगावधानावर प्रवचन झोडणारे परीक्षक पांढरेफटक पडले आणि धाडकन कोसळले. बाकीचे विद्यार्थी वह्या चाळू लागले. साक्षी मात्र धावली. तिने गर्दी मागे हटवली, श्वास पाहिला, नाडी पाहिली आणि साहेबांचे पाय उचलून धरले. मिनिटाभरात त्यांनी डोळे उघडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी गोदूबाईनेसुद्धा. भागोजीचे हात बांधलेले होते.

परीक्षकांनी कपडे झटकले, साक्षीचा कागद मागवला आणि त्यावर 'नापास' लिहिलं.

"पण का, सर?"

"नेमून दिलेला पेशंट," कॉलर सारखी करत ते म्हणाले, "वाऱ्यावर सोडून गेलीस."