हॉल्ट आणि हॉल्ट्स यांची झुंज, मुक्काम सावरी फाटा

श्रीगणरायाचे स्मरण करून, कुलदेवतेस नारळ कबूल करून, चष्मा पुसून लिहिण्यास आरंभ केला. लिहिणार उत्तमराव मास्तर, मराठी शाळेवरील पेन्शनदार, इंग्रजी व्याकरणाचे स्वयंघोषित सरलष्कर, वस्ती सावरी, गुडीहत्नूरपासून दीड कोस. कन्या शीतल इने फोनवरून हुकूम केला की, "बाबा, झालं तसंच लिवा, सोताले वाचवू नका." तो हुकूम शिरसावंद्य मानून उत्तमराव आपली फजिती आपल्याच हाते दप्तरी दाखल करितात. वाचणाराने हसावे, परंतु अर्ध्यातून उठून जाऊ नये.

ऐसियास मोहिमेचे कारण ऐसे जे, शीतल इजला आदिलाबादेस बी.एस्सी.स जागा मिळाली. सात पिढ्यांत कोणी मिळविली नव्हती, ती मिळाली. आणि सकाळची सात चाळीसची लाल गाडी सावरी फाट्यावरून भरधाव जाई, उभी म्हणून राहात नसे. पोरीने हात करावा, गाडीने धूर सोडावा, मग पोरीने गुडीहत्नूरपर्यंत पायी कूच करावे आणि तेथून दुसरी गाडी धरून कॉलेजात पोहोचावे, तो पहिले दोन तास बुडालेले. मग कॉलेजातून फर्मान सुटले की, दसऱ्याची सुट्टी सरल्यावर एक तास जरी बुडाला तरी परीक्षेचा फॉर्म मिळणार नाही. पोर बापापाशी काही बोलली नाही. चपलेचा तळ फाटला तो मात्र तिने आईस दाखविला, आणि हे बापास फार मागाहून कळले.

मग उत्तमरावांनी मिशीवर हात फिरवून मसलत केली की, गाड्यांच्या कचेरीस अर्ज करावा, आणि तो इंग्रजीत करावा, म्हणजे साहेब खुर्चीतून उठून उभा राहील. पितळी टोपणाचे पेन निघाले, कोरा कागद निघाला, आणि पहिल्याच वाक्यात लिहिले की, वुई रिक्वेस्ट दॅट द बस हॉल्ट्स. अक्षर मोत्यासारखे. घरातील मांजरासही वाचून दाखविले.

तों देवाजी आले. हे देवाजी म्हणजे तहसिलातील रिटायर कारकून, ज्यांनी तीस वर्षे साहेबांचे मसुदे तपासले आणि एकही बरा म्हटला नाही. त्यांनी कागद नाकापाशी धरिला आणि फर्माविले की, हॉल्ट्समधील एस बडतर्फ करावा. रिक्वेस्ट, सजेस्ट, इन्सिस्ट या खाशा क्रियापदांचे मागून दॅट आला म्हणजे गौणवाक्यात दुसरे क्रियापद उघडे बोडके उभे राहाते, त्यास एस लागत नाही. का की गाडी थांबते ऐसे आपण सांगत नाही, थांबावी ऐसे मागतो, आणि जे अजून घडलेच नाही त्यास एसाची झूल कशाला. उत्तमरावांचे मस्तकास तिडीक गेली. ही, शी, इट यांस एस, हे तीस वर्षे पोरांचे कान पिळून शिकविले, आणि हा कारकुंडा येऊन एस काढ म्हणतो! मग शब्दास शब्द लागला, चहा निवाला, आणि सूर्य मावळला.

आता या गावची एक रीत सांगणे प्राप्त आहे. मारोतराव पाटील यांचे आजोबाची निजामाचे अमलात एका खाडाखोडीच्या कागदापायी बांधावरची चिंच गेली; तेव्हापासून त्या घराण्याची आण आहे की, खाडाखोड असलेल्या कागदावर सही करणे नाही. आणि पाटलांची सही झाल्याशिवाय बाकीचे एकेचाळीस असामी बोट उचलीत नाहीत. सबब एक एस घातला की कागद नवा आणि सह्या नव्या, एक एस काढला की पुन्हा कागद नवा आणि सह्या नव्या. कोणी वखरावर, कोणी गुडीहत्नूरच्या बाजारात वांगी विकीत, कोणी सासुरवाडीस, ऐसे एकेकास गाठून बेचाळीस सह्या घ्याव्या, तों देवाजींनी पारावर बसून खाकरावे आणि नवी कलागत काढावी.

पहिला कागद एसासहित पडला. दुसरा एसाविना लिहिला, तो उत्तमरावांनी स्वतःच फाडिला. तिसऱ्यात तह म्हणून शुड हॉल्ट ऐसे घातले, तेव्हा देवाजी म्हणाले की, साहेबास शुड म्हणणे म्हणजे त्याच्या डोक्यावर बसणे. चौथ्यात पुन्हा एस आला. येथे एक गोष्ट लपवून ठेविली होती ती आता उघड करितो. चौथे दिवशी रात्री नव्हे, भर दुपारी, उत्तमरावांनी पेटीतील आपले जुने व्याकरण काढून पाहिले, तों देवाजींचेच म्हणणे तेथे छापलेले, आणि खाली लाल रेघ, आणि ती रेघ खुद्द उत्तमरावांचीच, तरुणपणीची! मग त्यांनी इकडे तिकडे पाहिले आणि ते पुस्तक ज्वारीच्या कोठीमागे सारिले, आणि पुढे सात दिवस एसासाठी लढत राहिले. खोटे कशाला बोला, लाज वाटली, पण हार मानवेना. तिकडे पोर पायी जात होती.

शेवटी अकरावे दिवशी, म्हणजे नवरात्रातल्या अष्टमीस, सह्यांसाठी हिंडून पाय थकले म्हणून, हार कबूल न करिता, पाचवा कागद एसाविना तयार जाहला आणि बेचाळीस सह्या जाहल्या. देवाजी प्रसन्न, पाटील प्रसन्न. मग उत्तमरावांनी तो कागद ओसरीवर उभे राहून मोठ्याने वाचिला आणि मराठीत अर्थ सांगितला. तेव्हा कुटुंब बयनाबाई, ज्यांस अक्षरओळख नाही परंतु भाजीच्या वाफ्यात गवताची काडी दिसते, त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या,

"सारं झ्याक आहे. पण गाडी थांबवाची कुठं? आपल्या फाट्याचं नाव तं आलंच नाही."

देवाजींनी कागद उलटा करून पाहिला, जसे काही नाव पाठीमागे दडले असावे. पाचही कागद तपासिले, एकातही सावरी हे नाव नाही. क्रियापदाची हजामत करता करता गावच राहून गेले होते.

मग सहावा कागद लिहू म्हणावे, तों दुसरे दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी ज्याचे जे हत्यार ते देव्हाऱ्यात. शेतकऱ्याचा विळा, सुताराची पटाशी, तैसे मास्तरांचे पेन आणि देवाजींचे पेन हळदकुंकू लावून पाटावर निजलेले. दसऱ्यापर्यंत त्यांस हात लावणे नाही. उत्तमराव पाटासमोर मांडी घालून बसले, जसे शस्त्र काढून घेतलेले सरदार.

परंतु खंडेनवमी जशी पेनाची, तशी गाडीचीही. बयनाबाईंनी आरतीचे ताट घेतले, झेंडूचा हार घेतला, नारळ पदराआड घेतला आणि कोणास न विचारता सात चाळीसला फाट्यावर सडकेच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. लाल गाडी आली. पूजेचे ताट ओलांडून त्या दिवशी कोणता ड्रायव्हर गाडी नेईल! ब्रेक लागले. ड्रायव्हर अमरदीप, बेज्जूरकडचा, हात जोडून खाली उतरला. गाडीस हार चढला, चाकापुढे नारळ फुटला, आणि मग बयनाबाईंनी विचारिले,

"काऊन रे बाबू, माही पोर रोज हात दाखवते, तुले दिसत नाही का?"

"मले वाटे माय, शेतावर चालली अन् राम राम करून राह्यली. मी बी रोज हात हालवत जातो. थांबाचं आहे हे कोणी सांगितलंच नाही ना!"

बेचाळीस सह्या, पाच कागद, अकरा दिवस, आणि सांगितले कोणीच नाही. मागून धापा टाकीत आलेल्या उत्तमरावांनी आणि देवाजींनी हे ऐकिले आणि दोघांनी एकमेकांकडे न पाहाता सडकेकडे पाहिले. अमरदीप पुढे बोलला की, जिथे चाकापुढे नारळ फुटला तिथे आता रोज थांबणे आलेच, फक्त धुक्यात ओळखू यावा म्हणून फाट्यावर एक पाटी लावा.

मग दसरा जाहला, सोने लुटले, पेने मोकळी जाहली. उत्तमरावांनी पत्र्यावर पांढऱ्या रंगाने सावरी फाटा ऐसे लिहिले, मराठीत आणि इंग्रजीत, आणि तेलुगूत शीतलने लिहिले. देवाजींनी पाटी बराच वेळ न्याहाळिली, खोड सापडेना, का की तीत क्रियापदच नव्हते. पाटलांनी सही कोठे करू म्हणून विचारिले.

सुट्टी सरली त्या दिवशी सात चाळीसला गाडी पाटीपाशी उभी राहिली आणि शीतल नव्या चपला घालून चढली. उत्तमरावांनी कोठीमागचे ते व्याकरण, ज्वारीच्या भुशासकट, खिडकीतून तिचे हाती दिले आणि देवाजींच्या देखत सांगितले की, लाल रेघ पाहा, देवाजी बरोबर होते आणि मले चौथ्या दिवशीच ठाऊक होतं. पोर हसली. म्हणाली, "मले बी ठाऊक होतं बाबा, ज्वारी काढताना दिसलं. तुमचीच वाट पाहून राह्यली होती." आणि गाडी गेली. डोळ्यास पाणी आले; धूळ म्हणावी तर सडक डांबरी.

येणेप्रमाणे सावरी फाटा फत्ते जाहला. फत्तेचा मान बयनाबाईंचा, नारळाचा अर्धा भाग अमरदीपचा, आणि एसाविना पाचवा कागद उत्तमरावांचे खिशात, घडी करून, अद्याप आहे.