हाजिर जामीन

आमच्या गल्लीत भर दुपारी एक म्हातारे गृहस्थ मोबाईल छातीपासून हातभर लांब धरून झपाझप चालताना दिसले, की दोन-चार घरांची दारं आतून लागतात. ते मल्लिनाथअप्पा. फोनचा स्पीकर चालू असतो, आतून एक बाई ‘हॅलो सर, हॅलो’ करत असते आणि अप्पा तिला धीर देत असतात, “लाईनवर ऱ्हावा मॅडम. मानूस गल्लीतच हाय. धा मिन्टांत हाजिर करतो.”

मॅडम फायनान्स कंपनीची असते आणि माणूस हप्ता थकलेला.

अप्पा धाराशिवच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स बजावण्यात सगळी नोकरी गेली. कोण तुळजापूरच्या लॉजवर दडलाय, कोण आपल्या जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारात भेटेल, हे त्यांना त्या माणसाच्या बायकोच्या आधी कळायचं. रिटायर झाले तेव्हा साहेबांनी शाल घातली, पण शोधायला माणूस कुणी दिला नाही, ही त्यांची तक्रार होती. मग हप्त्यांचा जमाना आला आणि ती तक्रार मिटली. फोन, फ्रिज, गाडी, जे घ्याल ते हप्त्यावर, आणि फॉर्मवर दोन ओळखीच्या माणसांचे नंबर. अप्पांचा नंबर वर्षानुवर्षं तोच, शिवाय पहिल्या रिंगला उचलतात. माझं कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. गल्लीतले निम्मे फॉर्म माझ्या काचेवरून गेलेत, आणि रेफरन्सच्या रकान्यात बहुतेकांनी अप्पांनाच बसवलंय.

आता रेफरन्स म्हणजे काही नसतं. ना सही, ना जबाबदारी. हे मी त्यांना एकदा समजावायला गेलो आणि तासभर अडकलो.

“जामीन तीन जातीचा,” अप्पा म्हणाले. निजामाच्या राज्यात त्यांचे वडील लोकांना जामीन राहायचे, त्यामुळे हा विषय घरचाच. “माल जामीन, तो पैसे भरतो. फेल जामीन, तो वागनुकीची हमी देतो. फेल म्हंजे तुझं धाव्वीचं न्हाय, हसू नको. आन् तिसरा हाजिर जामीन. त्यानं पैसे द्यायचे न्हाईत. मानूस बोलावला की आनून उभा करायचा, बस. म्या हाजिर जामीन हाय.”

“पण अप्पा, तुम्ही कुठं सही केलीय?”

“सही नसंना. नाव दिलंय ना? नाव दिलंय म्हंजे दिलंय.”

हे त्यांचं पालुपद. यापुढं वकीलसुद्धा बोलत नाहीत.

मी स्वतः एकदा हाजिर झालोय. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोर्ट बंद, धंदा बसलेला, वॉशिंग मशीनचे दोन हप्ते चुकले. कंपनीचे फोन मी शिताफीनं टाळत होतो. एका सकाळी सलूनच्या खुर्चीत डोळे मिटून बसलो होतो, तेवढ्यात कानाशी मोबाईल आला. “हा घ्या सुभाष, हाजिर हाय,” अप्पा फोनला सांगत होते, “तोंडाला फेस हाय, पन ऐकू येतंय.” सलूनमध्ये पाच माणसं होती. संध्याकाळी मी मेहुण्याकडून उसने घेतले आणि हप्ते भरले.

फोटोग्राफर दिलीपला तर त्यांनी लग्नात गाठलं. बिचारा नवरा-नवरीला ‘जरा जवळ या’ म्हणत होता, इतक्यात अप्पा स्टेजवर चढले. त्याच्या कॅमेऱ्याचे तीन हप्ते थकलेत हे वरपक्षाला तिथंच कळलं. अप्पांनी मात्र फोन बंद करण्याआधी मॅडमला विचारलं, “जेवन झालं का तुमचं? आमच्याकडं पंगत बसलीय.” कुणाचा अपमान करतोय असं त्यांच्या मनातही नसायचं. फोनवरच्या बाईला बोलायला माणूस हवाय, तो आपण मिळवून दिला, एवढंच. दिलीप मात्र महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

अप्पांना एकुलता एक मुलगा, महेश. चाकणला कंपनीत होता. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. मग मोबाईलवर एक कर्ज काढलं, ते फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. हे कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या दिवाळीत तो आला नाही आणि त्याचा फोनही बंद लागायला लागला. त्यानंतर आठवड्याभरात अप्पांना कंपनीचा फोन आला. त्या फॉर्मवरही पहिला नंबर त्यांचाच होता.

अप्पांनी धुतलेला सदरा घातला आणि ते एसटीनं पुण्याला गेले. तिसऱ्या दिवशी परतले. कंपनीचा फोन आला तेव्हा ते माझ्याच दुकानात होते. ताठ उभं राहून त्यांनी रिपोर्ट दिला, “सदर इसम दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही. खोलीस कुलूप. शेजाऱ्यांस विचारता माहिती नाही.” नोकरीत हे वाक्य त्यांनी हजार वेळा लिहिलं असेल. एरवीचं त्यांचं बोलणं त्यात कुठंच नव्हतं.

गल्लीला आधी गंमत वाटली, खोटं कशाला सांगू, मलाही वाटली. दिलीपनं तर तोंडावरच विचारलं, “अप्पा, आता करा की हाजिर.” अप्पांनी दारात चपला काढल्या आणि ते घरात गेले. तेव्हा दिलीपलाही आपण काय बोललो ते कळलं. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या दाराशी घुटमळून आला. आत गेला नाही.

त्यानंतर गल्लीतल्या इतरांच्या फोनना अप्पा ‘सांगतो’ एवढंच म्हणायचे. लोक सुटल्यासारखे झाले. महेशसाठी मात्र दर पंधरा दिवसांनी एकाच मुलीचा फोन यायचा, आणि अप्पांनी तिलाच कामाला लावलं होतं. “त्यानं दुसरा नंबर दिलाय का तुमाला? नवीन पत्ता? बघा की नीट, तुमच्याकडं सगळं असतंय.” ती वसुलीचं विचारायची, हे मुलाचं विचारायचे. अप्पांचा फोन आता सतत चार्ज असायचा. त्यांची बायको, आमच्या काकू, दिवसातनं दोनदा तो चार्जिंगला लावायच्या. महेशचं नाव त्या काढत नसत, पण फोन वाजला की स्वयंपाकघरातला आवाज थांबायचा.

परवा अप्पा पेन्शनचा हयातीचा दाखला झेरॉक्स करायला आले. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सरकारला कळवावं लागतं. मशीन चालू होतं. तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांनी सवयीनं स्पीकर लावला. तीच मुलगी होती.

“सर, महेश यांच्या कर्जखात्यावर काल एक हप्ता जमा झालाय. बाकीच्या थकलेल्या हप्त्यांबद्दल…”

“थांबा,” अप्पा म्हणाले. मी मशीन बंद केलं. “कुनी भरला?”

“ऑनलाईन आलाय, सर. त्यांच्याच बँक खात्यावरून.”

“कुठनं?”

“ते आम्हाला दिसत नाही.”

“किती वाजता?”

पलीकडं बटणं दाबल्याचा आवाज आला. बहुधा तिला हे कुणी कधी विचारलं नसावं. “सकाळी अकरा चाळीस.”

अप्पांनी काउंटरवरचं पेन घेतलं आणि तळहातावर अकरा चाळीस लिहिलं. “म्हंजे काल अकरा चाळीसला बरा होता तो,” ते म्हणाले. हे त्यांनी तिला सांगितलं की मला, कळलं नाही. मी कागद सरळ करत राहिलो.

“सर, बाकीची रक्कम…”

“बाई, एक काम कराल का? हप्ता चुकला की फोन करताव तुमी. तसं नका करू. भरला की करा.”

“सिस्टीममध्ये तसं नसतं, सर.”

अप्पा फोन तसाच हातभर लांब धरून उभे राहिले. तीही फोन ठेवेना. मागं तिच्या ऑफिसातल्या इतर मुली कुणाकुणाला हप्ते मागत होत्या, ते ऐकू येत होतं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, “पाच तारखेला असतो त्यांचा हप्ता. सहाला बघून करते.”

“करा,” अप्पा म्हणाले. फोन खिशात ठेवून त्यांनी मला विचारलं, “आज किती तारीख?”

“अठरा.”

त्यांनी मान हलवली आणि पायरी उतरले. दाखला काउंटरवरच राहिला होता. मी मागून दोनदा हाक मारली, पण ते थांबले नाहीत. त्यांना घरी जाऊन काकूंना सांगायचं होतं.