घाटेकाकांचे एक्के

हातात दोन एक्के आले की घाटेकाकांचा चेहरा उतरतो. पोकरमध्ये चांगले पत्ते आल्यावर लोक आनंद लपवतात. काकांकडे लपवायला आनंदच नसतो, नुसती काळजी असते.

रविवारी दुपारी जबलपूरला, विजय नगरच्या माझ्या घरी आम्ही चौघं खेळतो. काका, शेजारचे तिवारीजी, शाळेतून निवृत्त झालेल्या सरवटेबाई आणि मी. खेळ शिकवला काकांच्या मुलीने, मिनूने, एका दिवाळीत बंगलोरहून आली होती तेव्हा. प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये पाच उघडे, ते सगळ्यांचे. बोली चिंचोक्यांची, त्यामुळे हरलं तरी घरातलं काही जात नाही. काकांना मात्र हे कोणी पटवू शकलेलं नाही.

काकांची सगळी नोकरी फॅक्टरीत, माल तपासण्यात गेली. चांगल्या दिसणाऱ्या वस्तूत खोट शोधायची सवय त्यांनी रिटायर होताना सोबत आणली. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली तरी ते उतरून खाली वाकून बघतात.

'पत्ते चांगले आहेत हो,' ते म्हणतात, 'पण मधलं पाहा ना. मधलं चांगलं दिसून नाही राहिलं.' मग विचार सुरू. चहा निवतो. सरवटेबाई डुलकी काढून उठतात, तरी काका मधलंच पाहत असतात.

एकदा त्यांच्याकडे तीन एक्के जमले, दोन हातात, एक मध्ये. पण मधल्या पत्त्यांत तीन इस्पिकही होते, म्हणजे ज्याच्या हातात आणखी दोन इस्पिक, तो एक्क्यांवर भारी. तिवारीजींनी सगळे चिंचोके पुढे सरकवले आणि काकांनी एक्के टाकून दिले. तिवारीजींकडे नुसती सत्त्यांची जोडी होती.

'दादा, तीन इक्के फेंक दिए?'

'तुमच्याकडे दोन इस्पिक असते तर?'

'थे नहीं.'

'असते तर?'

कधीकधी त्यांचं खरंही निघतं. मग तो आठवडा आम्हाला फार जड जातो.

गेल्या थंडीत एका रविवारी काका आले नाहीत. फोनही उचलेनात. 'जाइए, देख आइए,' तिवारीजी मला म्हणाले. मी शाल गुंडाळून कंटाळतच निघालो.

दार उघडंच होतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या स्वयंपाकघरात धूर भरला होता आणि काका कढईसमोर उभे होते. चष्म्यावर कणीक उडालेली.

'काय करून राहिले काका?'

'डिंकाचे लाडू. हिच्या हातचे मिनूला आवडायचे. मला वळताच येऊन नाही राहिले.'

'मिनू येतेय?'

त्यांनी गॅस बारीक केला. 'सातवा लागला तिला. बाळंतपणाला इकडेच येतो म्हणते. कोणाला सांगू नका.'

'अहो काका, इतकी चांगली बातमी...'

'मागच्या खेपेला मी घाई केली. साऱ्या कॉलनीत पेढे वाटले. मग ते तसं झालं. नंतर ती आली, तर ज्याला माहीत नव्हतं तो प्रत्येक जण तिला विचारून राहिला, बाळ कसं आहे म्हणून. त्यानंतर पोरगी जबलपूरला आलीच नाही.' ते थोडा वेळ डिंक हलवत राहिले. 'आता डॉक्टर म्हणतात, सगळं उत्तम आहे. ते ऐकलं की मला झोप नाही येत.'

मी शाल काढून ठेवली आणि हात धुतले. लाडू मलाही येत नाहीत. आम्ही दोघांनी जसे जमले तसे वळले. काही फुटले, ते वाटीत घालून चमच्याने खाल्ले.

निघताना काकांनी मला आतली खोली दाखवली. पलंग भिंतीला लावलेला, नवी मच्छरदाणी, खिडकीच्या फटीत थंडीसाठी कापडाच्या पट्ट्या खोचलेल्या. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दार हळूच, आवाज न करता ओढून घेतलं, आत कोणी नुकतंच झोपलं असावं तसं.