मुशीचा उपयोग

जगण्याचा अधिकार प्रत्येक जिवाला आहे. फक्त आपला उपयोग त्याने आधी सांगायला हवा.

खोल समुद्रातल्या माशांवर काम करणाऱ्या एका संशोधिकेला हे जरा उशिरा कळलं. मैलभर खोल अंधारातून तिने मुशीची, म्हणजे छोट्या शार्कची, एक नवीच जात शोधून काढली होती: हातभर लांब, तपकिरी, हिरव्या डोळ्यांची आणि (हेच तिचं चुकलं) कुणाच्या अध्यात ना मध्यात. संस्थेने थाटात पत्रकारांना बोलावलं.

"माणसं खाते का?" एकाने मोठ्या आशेने विचारलं.

"नाही."

"निदान चावते तरी?"

"तुम्ही तिच्यापर्यंत पोचलात तर चावेलही. पण तोवर पाण्याच्या दाबाने तुमचा पापड झालेला असेल."

पत्रकार चहा पिऊन गेले. (चहा बरा होता म्हणतात.)

ही मुशी वयात यायलाच अर्धा जन्म घेते, पिलं देते तीही मोजकी. जाळी तिथवर उतरली की खेळ खलास. म्हणून तिथे मासेमारीला बंदी घाला, असं संशोधिका दिसेल त्याला सांगत सुटली. जेवताना दिरालाही सांगितलं.

"ते ठीक आहे, वहिनी," दीर म्हणाला, "पण तिचा उपयोग काय?"

दिवसभर हेच ऐकून तिचं डोकं उठलं होतं. "तिच्या यकृताचं तेल चोळलं की टकलावर केस उगवतात!" ती फणकारली.

दीर हसला नाही. पानावरून उठून आरशात बघून आला.

आठवडाभरात मुशीचं नाव घरोघरी पोचलं. मंत्र्यांनी तिला 'आपली मुशी' म्हटलं (मंत्र्यांचं कपाळ मानेपर्यंत आहे). बोटींवर मैलमैल लांबीचे दोर चढू लागले. शुद्ध विज्ञानाला एवढा लोकाश्रय पूर्वी कधी लाभला नव्हता.

संशोधिकेने घाईघाईने रेडिओवर सांगितलं, "अहो, मी थट्टा केली होती!" लोकांनी तिची दाट वेणी आठवली आणि काय ते ओळखलं.

दुसऱ्या दिवशी ती न्हाव्याकडे गेली. "सगळे काढा," म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. संध्याकाळी तुळतुळीत डोक्याने ती टीव्हीवर आली. "तेच तेल लावलं होतं," एवढंच म्हणाली.

बोटी रातोरात वळल्या. मुशी जनतेच्या आरोग्यास घातक ठरली आणि तिच्या पाण्यात जाळी टाकायला तातडीने बंदी आली.

मुशी आता सुखात आहे. संशोधिकेचे केसही पुन्हा मानेपर्यंत आलेत, पहिल्यापेक्षा दाट. आणि तुम्ही मुशीप्रेमी वाचक असल्याने तुमच्या ओठांवर आता एकच प्रश्न आहे: ती लावते तरी काय?